चर्चा: जलशुद्धीकरण केंद्रात बारीक फ्लॉक (तुरटीने जमलेले गाळाचे पुंजके) वाहून येतोय, तुरटी वाढवायची की पंख्याचा वेग कमी करायचा?

गाळसाक्षी:
क्लॅरिफायरच्या (गाळ बसवण्याच्या टाकीच्या) वीअरवरून, म्हणजे पाणी ओसंडतं त्या काठावरून, बारीक फ्लॉक यायला लागला की पहिला हात तुरटीच्या डोसकडे जातो. माझ्या मते तो आधी फ्लॉक्युलेटरच्या (पाणी हळू ढवळून फ्लॉक वाढवणाऱ्या टाकीच्या) व्हीएफडीकडे, म्हणजे पंख्याचा वेग बदलणाऱ्या उपकरणाकडे, जायला हवा. दर लिटरला १० मिग्रॅ तुरटी वाढवली की साधारण ५ मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते, पीएच उतरतो, गाळ वाढतो, आणि फ्लॉक फुटत असेल तर फुटतच राहतो.

फुटण्याचा संबंध वेगप्रवणतेशी (ढवळण्याच्या तीव्रतेच्या मापाशी), म्हणजे आपण जिला नुसतं 'जी' म्हणतो तिच्याशी. खळबळत्या प्रवाहात पंख्याची शक्ती वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे आरपीएम १० टक्के वाढवला तर शक्ती ३३ टक्के आणि जी १५ टक्के वाढतो. जी जितका जास्त, तितका टिकणारा फ्लॉक लहान. त्यातून तुरटीचा स्वीप फ्लॉक (तुरटीच्या अवक्षेपात कण अडकून बनलेला) एकदा फुटला की पुन्हा पूर्वीच्या आकाराला येत नाही. म्हणून पहिल्या कप्प्यात जी ६०-७०, मधल्यात ४० आणि शेवटच्यात २०-२५ प्रति सेकंद, असा उतरता हवा. तिन्ही पंखे एकाच वेगाने फिरवायचे आणि दोष तुरटीला द्यायचा, हे सर्रास चालतं.

नितळ:
असहमत. वेग कमी करणं फुकट पडत नाही. कण एकमेकांवर आदळण्याचा दर जी आणि कणांचं प्रमाण या दोन्हींवर ठरतो. कच्चं पाणी ५ एनटीयूचं (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) असेल तर कण मुळातच विरळ. त्यात जी १५ वर आणलात तर फ्लॉक टाचणीच्या टोकाएवढाच राहणार. २५ मिनिटांत जी ४० ला जी गुणिले वेळ ६०,००० येतं, १५ ला फक्त २२,५००. शिवाय फ्लॉक्युलेटरच्या तळाशी गाळ बसायला लागतो तो वेगळाच.

बारीक फ्लॉकची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या उलट: एक तर तो वाढलाच नाही, नाहीतर वाढून फुटला. प्रत्येक कप्प्याच्या शेवटी रुंद तोंडाचा बीकर अलगद बुडवून नमुना घ्या. नळातून किंवा पिपेटने नको, तिथेच फ्लॉक फुटतो. दुसऱ्या कप्प्यात मोठा आणि तिसऱ्यात लहान दिसला तर गाळसाक्षी बरोबर. सगळीकडे लहान असेल तर वेगाला हात लावू नका. डोस, पीएच आणि फ्लॅश मिक्सर (सुरुवातीला तुरटी झटपट मिसळणारा पंखा) बघा.

आणि थंड पाणी विसरलात. २५ अंशांवरून १० अंशांवर आलं की चिकटपणा ०.८९ वरून १.३१ मिलिपास्कल-सेकंदांवर जातो. आरपीएम तोच, शक्तीही जवळपास तीच, पण जी सुमारे १८ टक्के कमी. अशा वेळी पंखा थोडा वाढवावा लागतो.

पातंपंखा:
दोघंही सरासरी जी धरून बसलात. पात्याच्या टोकाशी ताण सरासरीच्या कितीतरी पट असतो. छोटा, जोरात फिरणारा टर्बाइन आणि रुंद, संथ पॅडल यांचा जी कागदावर सारखा येईल, फ्लॉक मात्र सारखा नसेल. टोकाचा वेग मोजा: ३ मीटर व्यासाचं पॅडल ४ आरपीएमला ०.६३ मीटर प्रति सेकंद. नाजूक फ्लॉकला याच्या वर जाऊ नये.

तुरटी कुठे पडते तेही बघा. कणांचा विद्युत प्रभार घालवण्याचं काम एका सेकंदाच्या आत होतं, स्वीपचा अवक्षेप १ ते ७ सेकंदांत. डोसिंगची नळी पंख्यापासून लांब, पृष्ठभागावर ठिबकत असेल तर पुढे व्हीएफडी कितीही फिरवा.

गाळसाक्षी:
बीकरची तपासणी मान्य, आधी तीच करावी. थंड पाण्याचंही बरोबर, पण ते पहिल्या कप्प्यासाठी. शेवटचा वाढवायची गरज क्वचितच. गढूळ पाण्यात कणांची वाण नसते, तिथे माझं म्हणणं कायम.

वीअरकाठ:
फ्लॉक्युलेटर आणि क्लॅरिफायरच्या मधल्या पाइपचा विषय कोणीच काढला नाही! शेवटच्या कप्प्यात जी २० जपायचा आणि मग ०.८ मीटर प्रति सेकंदाने कोपऱ्यातून पाणी वळवायचं, तर आधीची २५ मिनिटं पाण्यात. इथे वेग ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान हवा. त्याखाली फ्लॉक वाटेतच बसतो. बीकर क्लॅरिफायरच्या तोंडाशीही बुडवा.

नितळ:
हे पटलं. एक भर: बदल एका वेळी एकच, फक्त शेवटच्या कप्प्यात, १० टक्क्यांनी. कप्प्यातला फरक अर्ध्या तासात बीकरमध्ये दिसेल, पण क्लॅरिफायरमध्ये पाणी दोन तास राहत असेल तर वीअरवरचा एनटीयू अडीच-तीन तासांआधी हलणार नाही. तेवढ्यात डोस, वेग आणि पॉलिमर (फ्लॉक जोडायला मदत करणारं रसायन) तिन्ही बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही. ५ एनटीयूच्या पाण्याला मात्र माझा विरोध तसाच आहे. तिथे वेग कमी करण्यापेक्षा बसलेल्या गाळातला थोडा भाग परत फिरवून कण वाढवा.