ताण घालवणारं संगीत ‘शास्त्रीय पद्धतीनं’ रचता येतं का?

शंकासुर (धागाकर्ता)

एक मजकूर तिसऱ्यांदा माझ्या माथी मारला गेला, म्हणून हा धागा. त्याचा सारांश असा: “शास्त्रज्ञांनी आठ मिनिटांचं संगीत रचलंय, त्यानं चिंता 65 टक्क्यांनी उतरते. ताल मिनिटाला 60 ठोक्यांवरून 50 वर येतो आणि हृदय त्याच्यामागे जातं. हेच 432 हर्ट्झवर लावलं तर निसर्गाशी सूर जुळतो. बायनॉरल बीट्सवाली आवृत्ती रात्रभर स्पीकरवर चालू ठेवा.”

चार वाक्यं, चार चुका.

ती रचना म्हणजे मार्कोनी युनियन या ब्रिटिश संगीतगटाची 2011 ची ‘वेटलेस’. 65 चा आकडा अंघोळीच्या उत्पादनाच्या जाहिरात मोहिमेतून आला. आणि 65 टक्के म्हणजे कशाचे? दवाखान्यांत चिंता मोजायला जी प्रश्नावली सर्रास वापरतात, तिचे गुण 20 पासून 80 पर्यंत असतात. शून्य नाहीच. माणूस 50 वरून 40 वर आला, तर ती घट 20 टक्के म्हणायची की 20 हाच तळ धरून 33 टक्के? दुसरं, हृदयाचा ठेका हृदयातल्याच गाठीतून निघतो, तो ढोलकीला साथ देत नाही. श्वास मात्र तालामागे थोडाफार जातो, आणि लांब उच्छ्वासात हृदय मंदावतं. म्हणजे दुवा आहे, पण तो फुप्फुसातून जातो. तिसरं, बायनॉरल म्हणजे एका कानात 200 आणि दुसऱ्यात 210 हर्ट्झ. ती 10 ची थरथर मेंदूच्या देठात तयार होते. स्पीकरवर दोन्ही सूर हवेतच मिसळतात, मग ती साधी डोल झाली, तंबोरा लावताना ऐकू येते तशी. डोव्ह या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं हे 1839 मध्ये दाखवलं. इअरफोनशिवाय बायनॉरल म्हणजे एका डोळ्यानं दुर्बीण.

432 बद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मंद्रसप्तक

जाहिरात खोटी म्हणून रचनाशास्त्र खोटं? हे म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल चुकलं म्हणून रसायनशास्त्र बंद करा.

कामाला येणारी रीत अशी आहे. ऐकणारा आत्ता जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे संगीतोपचारवाल्या आल्टशुलरचं 1948 चं ‘आयसो’ तत्त्व. धडधडत्या माणसाला थेट 55 च्या लयीत ढकललं, तर तो चिडतो. 80 च्या आसपास धरा, दर दोन मिनिटांनी तीन-चार ठोके कमी करा. एकदम दहा उतरवले तर कानाला खड्डा जाणवतो आणि माणूस सावध होतो. प्रत्येक सुराची सुरुवात बोथट हवी, म्हणजे आवाज 50 मिलिसेकंदांहून हळू चढला पाहिजे. टोकदार आघात दचकवतो. सर्वांत मंद आणि सर्वांत मोठा भाग यांत 6 ते 8 डेसिबलहून जास्त फरक नको. समजणाऱ्या भाषेतले शब्द नकोत, कारण डोकं अर्थ लावत बसतं. पुढे स्वरवाक्याची लांबी दहा सेकंदांवर आणा: चार चढती, सहा उतरती. त्या मापानं श्वास घेतला तर मिनिटाला सहा होतात, आणि सहा श्वासांच्या लयीत रक्तदाब आपोआप सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया उत्तम चालते. इटलीतल्या संशोधक बर्नार्डीच्या गटानं 2001 मध्ये जपमाळ आणि मंत्र दोन्हींत हीच सहाची लय मोजली होती.

याला रचना नाही तर काय म्हणायचं?

कंट्रोलगट

याला पाककृती म्हणायचं. पदार्थ चाखून पाहिला का, हा प्रश्न उरतोच.

पुरावा आहे, नाही असं नाही. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेवर 2013 चा कॉक्रेन आढावा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारा): 26 चाचण्या, 2051 माणसं, त्याच 20 ते 80 च्या पट्टीवर सरासरी 5.72 गुणांची घट. 65 टक्के कुठे आणि पावणेसहा गुण कुठे! शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि चिंतेवर 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला आढावा, 73 चाचण्या, परिणाम ठीकठाक. गंमत म्हणजे पूर्ण भुलीखाली असलेल्यांतही परिणाम दिसला, फक्त जाग्यांपेक्षा कमी.

आता खोड. संगीत ऐकतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, आणि ‘कसं वाटतंय’ हे तोच सांगणार. शिवाय पुष्कळ चाचण्यांत रुग्णालाच यादीतून निवडू देतात. मग फायदा रचनेचा, निवडीचा, की कानावर काहीतरी आलं आणि भोवतालची खडखड थांबली त्याचा? आवाज नसलेले हेडफोन घातलेला गट जिथे नाही, तिथे मंद्रसप्तकांच्या 50 मिलिसेकंदांना श्रेय देता येत नाही.

आणि 2006 चा बर्नार्डीचाच प्रयोग वाचा. 24 जण, निम्मे संगीतकार, सहा तऱ्हांचं संगीत, त्यात रागसंगीतही. श्वास आणि हृदयगती लयीप्रमाणे हलली, शैली आणि आवडनिवड मागे पडली. पण मध्ये दोन मिनिटांची शांतता टाकली, तेव्हा नाडी, दाब, श्वास मूळ पातळीच्याही खाली गेले. सर्वांत आरामदायी तुकडा रचायला शून्य स्वर लागले.

मंद्रसप्तक

ती शांतता संगीतानंतर आली म्हणून उतरली! नुसती शांतता तर सुरुवातीच्या मोजणीतही होतीच की. म्हणजे विराम कुठे टाकायचा हीसुद्धा रचनाच. आपण माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

कंट्रोलगट

अर्धा मुद्दा. घ्या.

आरोही

शास्त्रीय संगीत आधीपासून शास्त्रीयच आहे, नव्यानं काय रचताय? कोणत्या रागानं कोणता विकार शमतो याचे तक्ते उपलब्ध आहेत. निद्रानाशाला दरबारी.

जवारीवाला

‘शास्त्रीय’ या एका शब्दानं मराठीत जेवढा घोटाळा केलाय तेवढा कशानंच नाही. संगीतातलं शास्त्र म्हणजे नियमांची व्यवस्था, प्रयोगशाळा नव्हे.

आणि तक्ता कोणत्या दरबारीचा? विलंबित एकतालात आंदोलित गंधार घेतलेला, की द्रुत तराण्याचा? स्वर तेच, राग तोच, पण एकानं डोळे मिटतात आणि दुसऱ्यानं पाय हलतो. लय, सप्तक आणि आवाजाची पातळी न लिहिता नुसतं रागाचं नाव लिहिणं म्हणजे गोळी किती घ्यायची ते न सांगता औषध देणं.

फेडर

तत्त्वचर्चा चालू द्या. प्रत्यक्षात ही ध्वनिफीत बिघडते कुठे, ते कोणी बोलत नाहीये.

1. लूप. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला रिकामी जागा चिकटते. एन्कोडर-डिकोडर मिळून 1105 सॅम्पल धरा, 44.1 किलोहर्ट्झला 25 मिलिसेकंद. रात्रभराच्या लूपमध्ये दर फेरीला ती उचकी येते. डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक वापरा, सांधा शून्यरेषेवर कापा, दोन्ही टोकं तीन-चार सेकंद एकमेकांत विरघळवा.

2. खर्जाचा गुंजारव फोनवर ऐकणं. त्या चिमुकल्या स्पीकरमधून 200 च्या खाली जवळपास काही येत नाही. तुम्ही रचला खर्ज, त्याच्या कानावर पडली वरची किरकिर.

3. मंद आवाजात कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं. स्टुडिओत मोठ्यानं ऐकून केलेलं मिश्रण रात्री हळू लावलं की पातळ लागतं. ज्या पातळीवर ऐकलं जाणार त्याच पातळीवर मिश्रण करा.

4. स्लीप टायमर. टप्पकन बंद होतो आणि आलेली झोप उडते. शेवटची दहा मिनिटं उतरती हवीत.

हे चार निस्तरले तर निम्मी ‘वैज्ञानिक’ ध्वनिफीत तिथेच सुधारेल.

चारशेबत्तीस

इतकी आकडेमोड आणि मूळ प्रश्नाला बगल. वाद्यं ज्यावरून जुळवतात त्या ‘ए’ सुराचं 440 हर्ट्झ हे कृत्रिम प्रमाण विसाव्या शतकात ठरवून जगावर लादलं. त्याआधी व्हर्दीसारखा संगीतकार 432 चा आग्रह धरत होता. पृथ्वीचं स्पंदन 8 हर्ट्झ, 8 गुणिले 54 बरोबर 432. फरक कानाला कळतो, मोजपट्टीला नाही.

जवारीवाला

आलं भूत.

440 च्या आधी एकच एक ‘नैसर्गिक’ प्रमाण नव्हतंच. फ्रान्सनं 1859 मध्ये 435 ठरवलं. व्हर्दीचा 1884 चा आग्रह गायकांचे गळे फाटू नयेत म्हणून होता, ब्रह्मांडासाठी नव्हे. 440 वर 1939 मध्ये एकमत झालं आणि 1955 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची मोहोर लागली. 440 आणि 432 मध्ये फरक 32 सेंटांचा (अर्ध्या स्वराचे 100 सेंट), अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पृथ्वीचं ते स्पंदन 7.83 आहे आणि ते विद्युतचुंबकीय आहे, कानाला ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. 7.83 गुणिले 54 म्हणजे 423 होतात, करून बघा. शिवाय हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला. सेकंद माणसानं ठरवला. दिवसाचे 86,400 ऐवजी 1,00,000 भाग केले असते तर तुमचा पवित्र आकडा 373 झाला असता.

आणि मुळात आपल्याकडे षड्ज फिरता! पुरुष पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोन पट्टीवर, बायका काळी चार-पाचवर. गळ्याला सोसेल तो सा. 32 सेंट इकडेतिकडे होणं हे तंबोऱ्याला हवामानानंही जमतं.

चारशेबत्तीस

काळी एकचा विषय आपणच काढलात ते बरं झालं. पृथ्वीच्या वर्षाचा स्वर 136.1 हर्ट्झ, म्हणजे बरोबर खर्जातली काळी एक. तिच्यावरून धैवत काढा, 432 येतं. हा योगायोग?

जवारीवाला

गणित करून पाहिलं. वर्षाचे 3,15,56,926 सेकंद, त्याची वारंवारता 32 वेळा दुप्पट केली की 136.10. गुणाकार बरोबर आहे. आणि कबूल करतो, हा स्वर सेकंद बदलला तरी हलत नाही, ही याची 432 वर मात. अष्टकं चढवत बसलं तर माझ्या पंख्याचाही स्वर निघेल, ती गोष्ट वेगळी.

पण पुढची पायरी बघा. काळी एकवरून वरचा ए हा कोमल धैवत. तो 432 येतो फक्त पेटीच्या समान-अंतराच्या सप्तकात. शुद्ध प्रमाणानं, म्हणजे आठास पाच धरलं, तर 136.1 चे 217.8, त्याची दुप्पट 435.5. म्हणजे निसर्गाच्या हिशेबानं फ्रेंच सरकारचं बरोबर निघालं! निसर्ग निसर्ग करत तुम्ही टेकलात कुठे, तर पेटीच्या पट्टीवर.

आता पेटीचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट वारंवारतेचा, त्यातच दडलेला सूर) निघतो, तो शुद्ध गंधार, 386 सेंट. जवारीत, म्हणजे तार टेकते त्या घोडीवर, जीवा (तारेखालचा दोरा) केसभर सरकवली की तो स्पष्ट बोलू लागतो. तार जिथे छेडाल तिथले स्वरांशही तंबोरा दाबत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच मांडलं. आणि शेजारी पेटी लावता, तिचा गंधार 400 सेंट! काळी एकला तंबोऱ्याचा ग 173.2, पेटीचा 174.6. वरच्या स्वरांशांत सेकंदाला पाच-साडेपाच डोल. हा खडखडाट तासभर कानावर घालायचा आणि वर ‘मन शांत करणारं संगीत’ म्हणायचं. 432 चा वाद घालणाऱ्यांनी आधी हे 14 सेंट मिटवा.

आरोही

पेटीवाल्यांवर घसरायची काही गरज नव्हती. गमकानं आणि दाबानं चांगला वादक हे झाकतो.

जवारीवाला

झाकतो म्हणजे असतं!

फेडर

पेटीची पट्टी दाबून स्वर बदलत नाही, आरोहीताई. भात्याच्या दाबानं हलतो तो एखाददोन सेंट. बाकी तुमचा धागा तुम्हाला लखलाभ.

शंकासुर (धागाकर्ता)

मंडळी, विषय ताणाचा होता. तो वाढलाय.

मंद्रसप्तक

मुद्द्यावर येतो. रचता येतं, पण ते न बिघडवणारं. दचकवणारं, ओरबाडणारं, अर्थ लावायला लावणारं काढून टाकता येतं आणि लय हाताला धरून खाली नेता येते. त्यापुढे ऐकणाऱ्याला ते सनईचं वाटतंय की स्मशानातलं, हे माझ्या हातात नाही. एवढं मागे येतो, शंकासुर, तुमच्यासाठी नव्हे, कंट्रोलगटांसाठी.

कंट्रोलगट

आभार. चारशेबत्तीस यांच्यासाठी सोपी परीक्षा आहे. बाजारातली बहुतेक ‘432 आवृत्ती’ म्हणजे 440 चं ध्वनिमुद्रण 1.8 टक्के सावकाश वाजवलेलं, त्यामुळे 60 ची लयही 58.9 होते. मग श्रेय सुराला की लयीला, कळणार कसं? म्हणून रचना मुळातूनच दोनदा वाजवायची, एकदा 440 ला, एकदा 432 ला. लय तीच, आवाजाची पातळी 0.1 डेसिबलपर्यंत समान, कारण किंचित मोठं ते कानाला नेहमी ‘छान’ वाटतं. दोन नमुने ऐकवायचे, मग तिसरा, तो कोणता ते ओळखा. मध्ये निदान अर्ध्या मिनिटाची खळखळ, म्हणजे आधीचा सूर कानात राहत नाही. 16 वेळा. 12 बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं मान्य. आराम मिळतो की नाही, ती पुढची चाचणी.

चारशेबत्तीस

मान्य. पण अर्ध्या मिनिटाची खळखळ ऐकून मन अशांत होणार, मग कान काय ओळखणार?

शंकासुर (धागाकर्ता)

हरण्याआधीच कारण तयार.

चारशेबत्तीस

दहा सेकंदांची खळखळ ठेवा, येतो.

कंट्रोलगट

वीस.

चारशेबत्तीस

ठीक. वाजवणार कोण?

फेडर

मी वाजवतो, सिंथवर. तंबोरा नको, जवारीवाले गंधारावरून पुन्हा सुरू होतील.

जवारीवाला

सिंथ शुद्ध प्रमाणात लावणार की पेटीसारखा?