मदत हवी आहे: बडोद्यात मोकळ्या कोंबड्यांची अंडी खात्रीने कुठे मिळतील?

आम्ही दांडिया बाजारात राहतो, घरात पाच माणसं. आठवड्याला एक ट्रे, म्हणजे 30 अंडी, आणि पंधरा दिवसांनी दीड किलो चिकन लागतं. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही, पंखसुद्धा पसरता येत नाहीत. हे कळल्यापासून ती अंडी घ्यावीशी वाटत नाहीत.

साधं अंडं 7 रुपयांना पडतं. बाजारातल्या एकाकडून ‘देशी’ म्हणून 16 रुपयांनी डझनभर आणली. सगळी एकाच मापाची होती. ओलं फडकं फिरवलं तर फडक्यावर चहासारखा डाग आणि खाली पांढरं कवच! फार वाईट वाटलं. कवचाचा रंग जातीवर आणि बलकाचा खाण्यावर ठरतो हे आता माहीत आहे, त्यामुळे रंग बघून घ्या असं कृपया सुचवू नका. सुपरमार्केटमधली पाकिटंही पाहिली. ‘फार्म फ्रेश’ लिहिलेलं असतं, पण कोंबड्या कशा ठेवतात त्याबद्दल एक अक्षर नाही.

अंड्याला 12 रुपयांपर्यंत देऊ शकतो. त्यासाठी चिकन महिन्यातून एकदाच करायची तयारी आहे. फ्लॅट असल्याने कोंबड्या पाळणं शक्य नाही. आणंद किंवा पादऱ्याकडे रविवारी स्कूटरवर जाऊन यायला हरकत नाही.

स्वतः जाऊन कोंबड्या बघता येतील असा कोणी पाळणारा माहीत आहे का? आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं, काय विचारायचं?