कोड शोधताना डॉटवाल्या फायली का सुटतात?

प्रश्न: रिपग्रेपने (फायलींमधला मजकूर शोधणारं कमांड-लाइन टूल) एक व्हेरिएबल शोधतोय, सापडतच नाही, आणि ते तर डॉट गिटहबच्या (.github) फोल्डरमधल्या वर्कफ्लो फाइलमध्ये (आपोआप चालणाऱ्या कामांची फाइल) सरळ दिसतंय. हे असं का? आणि आधीच शोधाची सूची (इंडेक्स) बनवणाऱ्या टूलनेही हिडन, म्हणजे नावाच्या सुरुवातीला डॉट असलेल्या, फायली घ्यायला नकोत का?

उत्तर १: रिपग्रेप डिफॉल्टने हिडन फायली आणि गिटइग्नोरमधलं (गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या टूलने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) सगळं सोडून देतो. डबल डॅश हिडन (--hidden) हा फ्लॅग लावा, पण मग तो डॉट गिट फोल्डरमध्येपण (गिटच्या स्वतःच्या फायली) घुसतो, म्हणून ते ग्लॉबने, म्हणजे फाइलनावाच्या पॅटर्नने, वगळा, नाहीतर लॉग आणि हुक्सचा (गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट) कचरा येईल.

उत्तर २: माझ्या मते नावात डॉट आहे म्हणून वगळणं हा निकषच चुकीचा आहे, फाइल गिटमध्ये ट्रॅक होते का, म्हणजे गिट तिची नोंद ठेवतं का, ते बघा ना! गिट ग्रेप (गिटची स्वतःची शोध कमांड) तेच करतं, म्हणून त्याला वर्कफ्लो, ईएसलिंटची (जावास्क्रिप्ट कोड तपासणारं टूल) कॉन्फिग सगळं सापडतं.

उत्तर ३: सहमत. फक्त डॉट एन्व्हसारख्या (.env, प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल) फायलीत पासवर्ड असतात, त्या इंडेक्समध्ये नकोच, शेअर्ड सर्व्हरवर इंडेक्स असेल तर टीममधल्या कोणालाही सर्चमध्ये दिसतील की. रोज फ्लॅग द्यायचा कंटाळा असेल तर रिपोच्या (प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधल्या) डॉट इग्नोर फाइलमध्ये, जी रिपग्रेप वाचतो, उद्गारचिन्ह लावून डॉट गिटहब (!.github) लिहा, तेवढंच फोल्डर शोधात येतं.