तुमच्या घरातली काजलभाई कोण होती? ‘हम पाँच’च्या आठवणींचा धागा

परवा लेकीच्या केसांवरून घरात वादावादी झाली. तिला अगदी बारीक कापून हवे होते आणि आजी काही ऐकेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "काजलभाई व्हायचंय का गं तुला?" तिनं विचारलं, ती कोण? मग तासभर तेच सांगत बसले.

‘हम पाँच’ ही हिंदी विनोदी मालिका झी टीव्हीवर १९९५ मध्ये सुरू झाली. बाप आनंद माथुर म्हणजे आपले अशोक सराफ, दुसरी बायको बीना म्हणजे शोमा आनंद, आणि भिंतीवरच्या फ्रेममधून नवऱ्याशी बोलणारी पहिली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर. पाच मुली: हक्कांसाठी भांडणारी मीनाक्षी, पुस्तकातली राधिका, नटवी स्वीटी, टपोरी हिंदी बोलणारी काजल आणि सगळ्यांच्या खबरा ठेवणारी छोटी. त्या वर्षांत ज्या घरात एकाहून जास्त मुली होत्या, तिथं ही नावं वाटली गेलीच असणार. तुमच्या वाट्याला कोणतं नाव आलं आणि त्याचं पुढं काय झालं, ते लिहा. लांबलचक लिहिलंत तरी आनंदच आहे.

माझं सांगते. मी तेरा वर्षांची होते, बिल्डिंगमधल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायचे. काजल टीव्हीवर आली आणि दुसऱ्या दिवशीपासून जिन्यात "ए काजलभाई!" सुरू झालं. चिडवायलाच म्हणायचे, पण मला आतून फार बरं वाटायचं. तोवर माझ्यासारख्या मुलीला नावच नव्हतं, ‘मुलासारखी’ एवढंच म्हणत. एका बहिणीला मिस युनिव्हर्स व्हायचंय, दुसरीला भाई व्हायचंय आणि दोघी एकाच घरात नांदतात, हे मला कुणी आधी दाखवलं नव्हतं. सुश्मिता सेन १९९४ मध्ये मिस युनिव्हर्स झाली होती, त्यामुळे घराघरांत स्वीट्या तयार होत होत्या. माझी धाकटी बहीण त्यातलीच. त्या दिवाळीला बाबांनी तिला खड्यांच्या बांगड्या आणल्या आणि मला बॅट. आई काही बोलली नाही, बॅटला हळदकुंकू मात्र लावलं.

*

मी राधिका. सातवीत मला कानाचं मशीन लागलं आणि वर्गात पहिल्याच आठवड्यात ते नाव चिकटलं. मालिकेत राधिकेला नीट ऐकू येत नसे, आणि त्यातून होणाऱ्या घोटाळ्यांवर सगळे हसायचे. आमच्या घरचेही हसायचे आणि मग माझ्याकडे बघून एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं जास्त लागायचं.

मला ती मालिका आवडायची आणि तिचा रागही यायचा, दोन्ही खरं. राधिका हुशार होती, सतत वाचत असायची, त्याचा मला अभिमान होता. पण न ऐकू येणं म्हणजे काय ते सांगते. समोरचा मान वळवून बोलला की अर्धं वाक्य हरवतं. त्या वेळच्या मशीनमध्ये पंखा, कुकरची शिट्टी आणि आईची हाक सगळं सारखंच मोठं व्हायचं. मग आपण अंदाजानं उत्तर देतो. ते चुकलं की लोक हसतात, म्हणून पुढच्या वेळी आपण बोलतच नाही. माझी आठवी अशीच न बोलता गेली.

राधिकेचं काम आधी अमिता नांगिया करायच्या, पुढे विद्या बालन आली. २००५ मध्ये तिचा ‘परिणीता’ लागला तेव्हा आई पोस्टरकडे बघून म्हणाली, "अगं, ही तर आपली राधिका!" त्यातला ‘आपली’ मला अजून आठवतो.

*

आमच्याकडे फक्त दूरदर्शन दिसायचं, केबल शेजारच्या काकूंकडे. आम्ही सात-आठ पोरं त्यांच्या दारात चपलांचा ढीग घालून बसायचो. मालिकेतल्या शेजारणीला आंटी म्हटलेलं अजिबात खपत नसे. ते पाहून आम्ही काकूंना ‘ताई’ म्हणायला लागलो. त्या इतक्या खूश झाल्या की दर वेळी चिवडा मिळू लागला.

*

इथं लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. दोन वर्षांनी बाबांनी लग्न केलं. नव्या आईला मी मावशी म्हणायचे, तेही गरज पडली तरच. आईची तसबीर हॉलमध्ये होती, टीव्हीच्या वरच. म्हणजे खाली प्रिया तेंडुलकर फ्रेममधून बोलतायत आणि वर माझी आई गप्प.

एकदा मी रुसून जेवले नव्हते. मालिका चालू होती. मावशी भाजी निवडत होती. मान वर करून ती तसबिरीला सहज म्हणाली, "ताई, बघा हो, तुमची लेक अजून उपाशी आहे." तिला वाटलं मी झोपलेय. मी उठले आणि पान वाढून घेतलं.

प्रिया तेंडुलकर २००२ मध्ये गेल्या. बातमी ऐकून मावशी बराच वेळ आमच्या तसबिरीसमोर उभी होती.

*

मी बाप म्हणून लिहितो, चालेल ना? मला तीन मुली. तिसरीच्या वेळी नातलगांनी सुचवलं, आता बर्फी वाट. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, अशी रीत. मी पेढेच वाटले. तरी घरी येणाजाणाऱ्यांचा सुस्कारा ठरलेला असायचा.

आनंद माथुर बायकोपुढे, पोरींपुढे, वर फ्रेमपुढेही हैराण व्हायचा. पण मुलगा नाही म्हणून तो झुरत बसलाय असं मला एकदाही आठवत नाही. अशोकमामांना पडद्यावर बघून माझ्या पोरी हसायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या. फार बरं वाटायचं मला ते.

गेल्या महिन्यात तिघी माहेरी आल्या होत्या. अजून एकमेकींना त्याच नावांनी हाका मारतात. धाकटी म्हणजे आमची छोटी, आता दोन पोरांची आई आहे. मी इथं राहतो, ती दीडशे किलोमीटरवर, आणि आमच्या गल्लीतली बातमी अजूनही मला तिच्याकडूनच कळते.