अनुभव धागा: टोंकिनच्या आखातात पडलेले वैमानिक

‘ऑपरेशन रोलिंग थंडर’ ही अमेरिकेची बॉम्बहल्ल्यांची मोहीम, मार्च १९६५ ते नोव्हेंबर १९६८. व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातातल्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरून उत्तर व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला गेलेली कितीतरी विमानं परतली नाहीत. त्या जागा कोणी पाहिल्यात? नौदलात असं बचावकाम केलंय? लिहा. गुगलून आणलेलं नको.

पुणे
हनोईत टूरवाल्यांच्या यादीत नव्हतं, तरी हट्टाने ट्रुक बाख तळ्यावर गेलो. काठावर हात वर झालेल्या वैमानिकाचं शिल्प आहे. २६ ऑक्टोबर १९६७ ला अमेरिकी वैमानिक जॉन मॅकेन (पुढे सिनेटर झाले ते) इथे पडले. वीजकेंद्रावर हल्ला करताना क्षेपणास्त्र लागलं. दोन्ही हात, एक पाय मोडलेला. लोकांनी तळ्यातून ओढून काढलं, चोपही दिला, मग साधारण साडेपाच वर्षं कैद. दगडावर त्यांना हवाई दलाचं म्हटलंय! ते नौदलाचे, ‘ओरिस्कनी’ नौकेवरचे. तीनच महिने आधी ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेच्या आगीतून वाचले होते. तिथे १३४ जण गेले, तेही आपल्याच विमानाचं रॉकेट चुकून सुटल्यामुळे. आमच्या गाइडच्या आईला लहानपणी बॉम्बहल्ल्यांमुळे गावी पाठवलं होतं. मॅकेनबद्दल तो फारसं बोलला नाही.

डोंबिवली, निवृत्त नौसैनिक
जुन्या ‘विक्रांत’वर मी चेतकमध्ये डायव्हर होतो. विमानं उडता-उतरताना आमचं हेलिकॉप्टर बाजूला हवेत तयार. पाण्यातल्या माणसाला आधी पॅराशूटच्या दोऱ्यांतून सोडवायचं, कारण भिजलेलं पॅराशूट त्याला खाली खेचतं. मग पट्टा, मग विंच, म्हणजे दोराने वर ओढणारं यंत्र. पंख्याच्या वाऱ्याने उडणारं खारं पाणी सतत डोळ्यांत. आमचा सगळा सराव, वर गोळीबार नाही. तिकडे व्हिएतनामात अमेरिकी बचाववाले किनाऱ्यावरून तोफा चालू असताना हेच करायचे. म्हणून वैमानिक पेटलेलं विमानसुद्धा रेटत समुद्रावर आणायचे. पाण्यात पडला तर सुटकेची आशा, जमिनीवर बहुधा कैद.

ठाणे
काका, नेहमीच नाही हं. हालाँगच्या क्रूझनंतर वाचलं: अमेरिकी नौदलाचा वैमानिक एव्हरेट अल्वारेझ समुद्रातच पडला, पण मच्छीमार आधी पोचले. साडेआठ वर्षं कैद. ५ ऑगस्ट १९६४, म्हणजे रोलिंग थंडरच्या आधीचं. चालेल ना?

सान दिएगो
‘मिडवे’ या जुन्या विमानवाहू नौकेवरच्या संग्रहालयात एका स्वयंसेवक आजोबांनी बचाव हेलिकॉप्टरचा वैमानिक क्लाइड लासेनची गोष्ट सांगितली. जून १९६८, मध्यरात्र. पडलेल्या फँटम लढाऊ विमानाचे दोघे शत्रूच्या मुलखात, झाडीने भरलेल्या डोंगरावर. लासेन विंचने उचलायला गेला आणि वरून उजेडासाठी सोडलेले फ्लेअर विझले. मिट्ट काळोखात हेलिकॉप्टर झाडाला घासलं. कसंबसं सावरलं. मग ते दोघे धडपडत खाली भातखाचरांकडे आले, आणि गोळीबार चालू असताना लासेनने सरळ लँडिंग लाइट लावले. दोघांना घेऊन ‘जूएट’ नौकेवर उतरला तेव्हा इंधन पाच मिनिटांचं. मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक.

डोंबिवली
दिवे लावले?! आम्हाला असं करायला कोणी शिकवलं नसतं. पण दुसरं करणार काय होता तो.