परदेशातील शिबिरसेवेला मंडळीच्या (चर्चच्या) वर्गणीतून पैसे द्यावेत का?

भायखळ्याचा तरुण:
गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील एका ख्रिस्ती शिबिरात कॅम्प काउन्सेलर, म्हणजे मुलांची देखरेख करणारा, म्हणून सेवा केली. तिकिटाचा काही भाग आमच्या मंडळीने वर्गणीतून दिला होता, म्हणून परतल्यावर उपासनेत साक्ष दिली, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगितला, तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारले की तो पैसा सत्कारणी लागला का. माझ्या मते लागला. जाताना मी गिटार आणि पाच तयार संदेश घेऊन गेलो होतो. त्यांतला एकही मुलांच्या लक्षात राहिला नसावा. पहिले तीन आठवडे मी स्वयंपाकघरात भांडी घासली आणि ते नम्रतेचे शिक्षण मानले. पुढे माझ्याकडे आठ मुलांची खोली आली. त्यांतला दहा वर्षांचा एक मुलगा रात्री अंथरूण ओले करीत असे, आणि इतर मुले उठण्यापूर्वी त्याची चादर गुपचूप बदलून धुवायला टाकणे हे माझे नित्याचे काम झाले. घरी मी स्वतःचा चहाचा कपही कधी विसळला नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातील, येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग लहानपणापासून ऐकला होता. त्यातले अवघडलेपण मला तिथे कळले.

गिरगावकर:
आपल्या अनुभवाची थट्टा करायची नाही, परंतु चादर धुवायला शिकण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागते हे मला पटत नाही. मे महिन्यात मुंबईतील मराठी मंडळ्यांत सुट्टीतील बायबल शाळा भरतात आणि दरवर्षी शिक्षक गोळा करताना आमची दमछाक होते, कारण आपल्या वयाची मुले तेव्हा नेमकी सहलीला किंवा क्लासला गेलेली असतात. शिवाय अमेरिकेतील शिबिरे भरतात तेव्हा इथे महाविद्यालये सुरू झालेली असतात. 75 टक्के उपस्थितीची अट कोण सांभाळणार? अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले, बायबलमधील नव्या कराराच्या भाषांतरासाठी राबले आणि 1826 मध्ये याच मुलखात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कामाला आपण सेवा म्हणतो; मग दहा आठवड्यांच्या मुक्कामालाही तोच शब्द वापरताना थोडा संकोच वाटायला हवा.

वसईची वाचक:
गॉर्डन हॉल यांच्याशी विशीतल्या मुलाची तुलना अन्यायाची आहे; त्या मापाने आपण सगळेच उणे ठरू. मला खटकले ते दुसरेच. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात आपल्याला जे-1 (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या) प्रकारातील कॅम्प काउन्सेलरचा व्हिसा मिळाला असेल, तर त्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की अशा व्यक्तीला आचारी, भांडी घासणारा किंवा सफाई कामगार म्हणून नेमता येत नाही. तीन आठवडे आपण ज्याला नम्रता समजत होतात, ती कदाचित त्यांची मनुष्यबळाची टंचाई होती. (धार्मिक संस्थेत ‘सेवा’ म्हटले की कामाचे तास विचारणे आपल्याला पाप वाटते. मुंबईतही हेच चालते.)

भायखळ्याचा तरुण:
व्हिसा तोच होता, नियम मात्र मला माहीत नव्हता. पाळीने भांडी घासणे सर्वांनाच होते, पण माझी पाळी संपतच नसे, आणि तक्रार केली तर साक्ष फिकी पडेल असे वाटून मी गप्प राहिलो. हे मी मंडळीसमोर सांगितले नाही. सांगायला हवे होते. तरीही गिरगावकरांना एवढेच म्हणेन की इथल्या बायबल शाळेत मी ‘सरांचा मुलगा’ असतो आणि माझ्या हातातली चादर कुणीतरी काढून घेते.

गिरगावकर:
मग दोष आमचाही आहे, हे मान्य करतो. तरीही वर्गणीबाबत माझे मत बदललेले नाही: ज्याला जायचे आहे त्याने स्वखर्चाने जावे. आमच्याकडे येत्या मे महिन्यात दहा ते बारा वयोगटासाठी शिक्षक अजून मिळालेला नाही. आपण यावे, चादर कुणी काढून घेणार नाही याची जबाबदारी माझी.