विषय: पीआर फाईल चालू असताना ह्यांना व्हिजिटर व्हिसावर बोलवावं का?

प्रेषक: रावेरची लेक, ब्रॅम्प्टन

सर्वांना नमस्कार. मी इथे पीआर, म्हणजे कॅनडाची कायमची रहिवासी आहे, नोकरीही इथेच. लग्न मागच्या वर्षी फैजपूरला झालं. ह्यांना पीआर मिळावी म्हणून स्पॉन्सरशिप आउटलँड, म्हणजे ते कॅनडाबाहेर असतानाच्या प्रकारात, भरली, पोच आली, मेडिकल झालं, आता नुसती वाट बघणं. मधल्या काळात ह्यांनी दीडेक महिना इकडे येऊन जावं म्हणून व्हिजिटर व्हिसा टाकला, तो नाकारला. कारण काय, तर कॅनडात कुटुंब आहे, त्यामुळे मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री पटत नाही. अहो, कुटुंब आहे म्हणूनच तर यायचंय!

आता जळगावचा एक एजंट म्हणतो, या खेपेला स्पॉन्सरशिपचं नावच काढू नका, 'पर्यटन, नायगारा' एवढंच लिहू. सासऱ्यांना ते पटलंय. मला धाकधूक वाटते. घरी केळीची शेती आहे, सात-बारा सासऱ्यांच्या नावावर. काय करावं?

---

प्रेषक: अमळनेरचा भाऊ, कॅलगरी

ताई, पैसे आणि डोकं दोन्ही वाचवा. पीआर येईलच, तोवर तुम्हीच गावी जाऊन या. दोन-चार महिने राहा निवांत.

---

प्रेषक: आबा, मिसिसागा

बेटा, आधी त्या एजंटला रामराम कर.

फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं की यापूर्वी कॅनडासाठी अर्ज केला होता का, कधी व्हिसा नाकारला का. कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म वेगळा, त्यात बायकोचा पत्ता ब्रॅम्प्टन. जावईबापूंची फाईल त्यांच्याकडे आधीच पडून आहे, मग लपवायचं कुणापासून? आणि खोटं सापडलं तर नुसता व्हिजिटर व्हिसा जात नाही. इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षं दार बंद होतं, त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. बठ्ठं खरं खरं लिही, भो.

खरं लिहिलं तर अडचण होईल असं वाटतं ना? त्याच कायद्याच्या कलम 22(2) मध्ये स्पष्ट आहे: पुढे कायमचं राहायचा इरादा असला म्हणून पाहुणा म्हणून येणं अडत नाही. त्याला इथे डबल इंटेंट म्हणतात. अट एवढीच की दिलेली मुदत संपली की परत जाल हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. तुमचा पहिला अर्ज तिथेच पडला. बायको का आहे हे समजावण्यात पान भरलं असेल, परत का जाणार हे कुणी सांगितलंच नसेल.

आता ते सांगायचं कसं? आपल्याकडे घोळ असा की शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्नवर माणूस फाटका दिसतो. आणि जमीन बापाच्या नावावर, म्हणून कागदावर पोरगा बेकार. तेव्हा सात-बारा आणि आठ-अ लावाच, पण त्यावर थांबू नका. ई-पीक पाहणीतली केळीची नोंद, टिश्यू कल्चर रोपांची बिलं, ठिबकची बिलं, व्यापाऱ्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), आणि त्या पट्ट्यांचे पैसे ज्या खात्यात आले त्याचं स्टेटमेंट, हे सगळं जोडा. पट्टीवरची रक्कम आणि पासबुकातली रक्कम जुळली की अधिकाऱ्याला फार समजवावं लागत नाही. सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र लावा की बाग मुलगा बघतो. घाईघाईत वाटणी करून नाव चढवू नका, आणि मामाकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. असे पैसे लगेच डोळ्यात येतात.

तारखाही शेतीला धरून ठेवा. जूनमध्ये मृगबाग लावायची म्हणून मेअखेर परत, आणि तोवर पाणी कोण बघणार, हे पत्रात लिहा. 'बायकोला भेटायला' हेच कारण द्या, नायगारा दिसेलच. तुझं निमंत्रणपत्र, पगाराच्या स्लिपा, घराचा करार, स्पॉन्सरशिपची पोच सोबत जोडा. आधीच्या नकाराला एका परिच्छेदात उत्तर दे. व्हिजिटरसाठी बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, म्हणजे त्यासाठी पुन्हा मुंबईची चक्कर नको.

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असंही नाही. पिअर्सनला, म्हणजे टोरंटोच्या विमानतळावर, उतरल्यावर तिथला अधिकारी पुन्हा विचारणार. हीच कागदं आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत असू दे, सूटकेसमध्ये नको. इथे आल्यावर कुणाच्या दुकानात 'जरा मदत' म्हणून उभं राहायचं नाही, पाहुण्याला काम करता येत नाही. ओहिप, म्हणजे ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमाही लागू नाही, प्रवासी विमा काढून ठेव. आणि कुणी सांगेल की आलाच आहे तर आउटलँड मागे घेऊन इनलँड, म्हणजे कॅनडात राहून करायचा अर्ज, भरा. नका भरू. आउटलँड नाकारली तर तुला अपील करता येतं, इनलँडला तो हक्क नाही.

अमळनेरच्या भाऊंना एकच सांगणं. ही पीआर आहे, सिटिझन नाही. स्पॉन्सर करणाऱ्या पीआरचं राहणं कॅनडातच असावं लागतं. सुट्टीला जाऊन यावं, महिनोन्‌महिने मुक्काम टाकू नये.

---

प्रेषक: चोपड्याची वहिनी, ओकव्हिल

आबांनी सगळं लिहिलंच. एवढंच, सासूबाई बिबड्या, पापड, कळण्याचं पीठ बांधून देतीलच. विमानतळावर कस्टम्सला माहिती देताना खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून खूण करा, विचारलं तर दाखवा. आपल्या पोरांना सवय असते 'नाही नाही' म्हणायची.

---

प्रेषक: रावेरची लेक, ब्रॅम्प्टन

आबा, फोनवर सासऱ्यांना तुमचा मेल वाचून दाखवला. पहिले गप्प होते, मग म्हणाले पट्ट्या कपाटात आहेत, शोधतो. एजंटला दिलेला ॲडव्हान्स मात्र गेला समजायचा.

अडलंय आता भाषांतरावर. उतारे, पट्ट्या सगळं मराठीत. चुलत दीर इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, ते एका रात्रीत करून देतो म्हणतात, पण घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही असं वाचलं. जळगाव-भुसावळकडे भाषांतर करून प्रतिज्ञापत्र देणारं कुणी माहीत असेल तर मला वेगळा मेल टाका. जमिनीचे गट बरेच आहेत, आणि विहिरीतल्या हिश्शाची नोंद इंग्रजीत कशी लिहायची ते ज्याला येतं असाच माणूस सांगा.